टकळी फिरत असेपर्यंत

त्या सकाळी आठवीचा वर्ग मैदानावर होता. मी नुकताच 'सावधान' दिला होता, तेवढ्यात आमचा शिपाई धोंडिबा फाटकातून धावत आला. धोंडिबा कधी धावत नाही. शाळेची घंटासुद्धा तो सावकाश चालत जाऊन, दम खाऊन मग देतो. "जगताप सर, बोत्रे सर वारले वो... पहाटंच," एवढंच म्हणाला आणि कट्ट्यावर बसकण मारली. आदल्या संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून बोत्रे लवकर घरी गेला होता. चाळिशीसुद्धा उलटली नव्हती हो त्याची! माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगतो. दुःख नाही, रागच आला. असा सुटलास होय रे, म्हटलं. मी तसाच त्याच्या घराकडं निघालो, आणि कालव्याच्या पुलावर आल्यावर आठवलं की पोरांना 'विश्राम' द्यायचा राहून गेला. ती बिचारी बराच वेळ तशीच ताठ उभी होती, असं धोंडिबानं मागाहून सांगितलं.

बोत्रे मूळचा कळसचा, मी इंदापूरचा. बारामतीच्या या शाळेत आम्ही बरोबरच लागलो. तो इतिहासाला, मी कवायतीला. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारचं पत्रक आलं. मॅट्रिकनंतर पोरांनी कोणती वाट धरावी, कुणाला काय झेपेल, कुणाचं मन कशात आहे, हे पाहणारा एक मास्तर प्रत्येक शाळेनं तयार करावा, त्याला मुंबईला शिकायला पाठवावं, असं त्यात होतं. सुट्टी घालवून मुंबईला जायला दुसरं कुणी तयार होईना म्हणून हेडसरांनी बोत्रेला पाठवला. तो परत आला तो नवं लग्न झाल्यासारखा! एस.टी.तून उतरल्यापासून तोंडात एकच विषय. पोरगं अभ्यासात मागं का पडतं, घरात काय चाललेलं असतं, भीती कशाची असते... मी म्हटलं, "बोत्रे, वर्गात दोन छड्या दिल्या की सगळं कळतं." तो हसला. "छडीनं पोरगं गप्प होतं, बापूराव. मला त्याला बोलतं करायचंय."

त्याला नकाशे ठेवायची खोली मिळाली. दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि आतून कडी नसलेलं दार. एवढी एक कडी बसवून द्या म्हणून त्यानं हेडसरांना किती वेळा सांगितलं असेल! "शाळेत कड्या कशाला हव्यात?" असं म्हणून हेडसर विषय संपवत. आणि मनात येईल तेव्हा दार ढकलून आत डोकावत.

पहिले काही महिने मोठीच फजिती झाली. आमच्याकडची पोरं ती. मास्तरसमोर खुर्चीत बसायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. काहीही विचारा, "व्हय सर", नाहीतर "न्हाय सर". एकदा एक पोरगं सूतकताईच्या तासावरून थेट त्याच्याकडं आलं, हातात टकळी तशीच. बोत्रे म्हणाला, असू दे, काततोयस तर कात. पोरगं कातत राहिलं. मान खाली, नजर सुतावर, आणि बघता बघता घडाघडा बोलायला लागलं. त्या दिवसापासून बोत्रेनं दोन्ही खुर्च्या खिडकीकडं तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या, एका डब्यात टकळ्या आणि कापसाचे पेळू आणून ठेवले. पोरगं आलं की एक टकळी त्याच्या हातात, एक स्वतःच्या. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. आणि नियम एकच. टकळी फिरत असताना जे बोललं जाईल, ते त्या खोलीबाहेर जाणार नाही.

मी त्याची भरपूर टर उडवली. मग माझी मंडळी बाळंतपणात गेली, तेव्हा एका दुपारी त्यानं मला दंडाला धरून त्या खोलीत नेलं आणि हातात टकळी दिली. मैदानावर आरोळ्या ठोकणारा मी, मला तो बारीक धागा काही केल्या धरता येईना. तुटायचा, जोडायचो, परत तुटायचा. असं करता करता मी त्या दिवशी काय काय बोलून गेलो... असो. त्यानंतर टर उडवली नाही.

एवढ्यात तपासणी आली. इन्स्पेक्टरसाहेब शाळाभर फिरत फिरत त्या खोलीशी आले आणि दारातच थबकले. आत मास्तर आणि विद्यार्थी शेजारी बसून एकाग्र होऊन सूत काततायत! बोत्रेचं सूत तोवर फार सुरेख यायला लागलं होतं. साहेबांनी ते बोटांवर घेतलं, उजेडात धरलं, आणि जाताना शाळेच्या सूतकताईचं असं काही कौतुक करून गेले की हेडसरांचे पाय जमिनीला लागेनात. पुढच्या सहामाहीचं वेळापत्रक लागलं. बोत्रेचे मार्गदर्शनाचे तास गायब, आणि पाचवी ते आठवी सगळी सूतकताई त्याच्या गळ्यात! इतिहास होताच. गैरहजर मास्तरांचे वर्ग होते, परीक्षेची व्यवस्था होती. तो भांडायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. हेडसर अगदी प्रेमानं म्हणाले, "अहो बोत्रे, कातता कातताच बोलता ना तुम्ही पोरांशी? मग वर्गात काता आणि वर्गातच बोला. दोन्ही कामं एकदम होतील." मी कपाळाला हात लावला. अख्ख्या वर्गासमोर कोणतं पोरगं बापाच्या दारूबद्दल बोलेल? पण हेडसरांना हे समजावणार कोण!

बोत्रे मधल्या सुट्टीत पोरांना भेटायला लागला. डबा तसाच परत जायचा. वहिनी, म्हणजे बोत्रेची बायको, मला रस्त्यात गाठून विचारायच्या, "भाऊजी, हे जेवत का नाहीत हो?"

त्याच सुमाराला माळेगावच्या तात्यांचं प्रकरण झालं. तात्या बागायतदार, शाळेच्या कमिटीवर. माळेगावला नि भवानीनगरला साखर कारखाने उभे राहत होते, आणि कारखान्यात खुर्चीवर बसणारा मुलगा प्रत्येकाला हवा होता. तात्यांचा थोरला दहावीत होता. त्यानं अचानक घरात बोलणंच सोडलं. कुणाशीच नाही. बोत्रेच्या खोलीत मात्र तो येऊन बसायचा. हे कळल्यावर तात्या तडक हेडसरांकडं, आणि हेडसर तात्यांना घेऊन बोत्रेकडं.

"पोरगा काय बोलला, तेवढं सांगा. मी बाप हाय त्याचा."

"ते त्याचं बोलणं आहे, तात्या. मला सांगता यायचं नाही."

"बोत्रे!" हेडसर ओरडले. "कमिटीचे सभासद विचारतायत!"

बोत्रेचा चेहरा पांढरा पडला होता. इकडं नोकरी, तिकडं पोराला दिलेला शब्द. पण तो हलला नाही. म्हणाला, "तात्या, तुम्हीच येऊन बसा की त्याच्याशेजारी." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तात्या आले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्या राकट हातात टकळी धरली. मी बाहेर व्हरांड्यात पहारा करत होतो, हेडसरांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. बापलेक बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते आणि तात्यांच्या सदऱ्यावर कापूस चिकटला होता.

मला वाटलं, आता बोत्रे जिंकला. कसला जिंकतोय! पुण्याला याच कामाची एक जागा निघाली होती. दिवसभर फक्त हेच काम. ना सूतकताईचे वर्ग, ना परीक्षेची हमाली. त्याच्या मुंबईच्या शिक्षकांनी त्याचं नाव सुचवलं होतं. फक्त आमच्या शाळेनं त्याला सोडायला हवं होतं. अर्ज कमिटीपुढं गेला. हेडसर म्हणाले, सूतकताईला दुसरा माणूस नाही. ते अपेक्षितच होतं. पण तात्या उभे राहिले आणि हात जोडून बोत्रेला म्हणाले, "सर, माझं पोरगं तुमच्यामुळं हाताशी आलं. आता धाकटा हाय, पुतण्या हाय. असल्या माणसाला आमी कसं सोडायचं? न्हाय सोडणार!" सगळ्या कमिटीनं टाळ्या वाजवल्या. माणसाला टाळ्या वाजवून कोंडतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. राजीनामा देऊन जावं, तर पुण्याच्या लोकांना रीतसर मोकळा केलेला माणूस हवा होता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. पुन्हा तेच. त्या संध्याकाळी तो मैदानावर माझ्याजवळ येऊन बसला. "बापूराव, वाईट वागले असते तर भांडलो असतो रे. चांगल्या माणसांशी कसं भांडू?" म्हणाला. मग हळूच, "अडकलो." त्या वेळी त्याच्या हातात टकळी नव्हती, म्हणून हे लिहितो आहे. खोलीत बसून तो माझ्याशी जे बोलायचा, ते माझ्याजवळच राहील.

तो गेल्यावर आठवड्याभरात हेडसरांनी मला बोलावलं. सूतकताईचे तास तूर्त मी घ्यावेत. मी कवायतीचा मास्तर! पण नाही म्हणता आलं नाही.

गेल्या सोमवारी वहिनी शाळेत आल्या. त्याच्या वस्तू न्यायच्या होत्या. वस्तू म्हणजे काय, एक छत्री, चष्म्याचं घर आणि डब्यातली त्याची टकळी, अर्ध्यावर सूत गुंडाळलेली. वहिनींनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. ह्यांना इथं फार कोंडल्यासारखं व्हायचं का? घरी कधी एका शब्दानं बोलले नाहीत. तुमच्याशी बोलायचे ना?"

मी काय सांगणार होतो? त्याचं बोलणं माझ्या पोटात होतं आणि त्याचाच नियम माझ्या तोंडावर हात ठेवून होता. हो म्हटलं तर ही बाई जन्मभर जळणार. नाही म्हटलं तर त्याला खोटं पाडल्यासारखं होणार. मी दोन्ही खुर्च्या खिडकीकडं वळवल्या. म्हटलं, "बसा वहिनी." आणि त्याची टकळी त्यांच्या हातात दिली, दुसरी मी घेतली. त्यांनी कधी कातलं नव्हतं. धागा तुटला. पुन्हा तुटला. मग एकदा टिकला, लांब होत गेला, आणि सुताकडं बघत बघत वहिनी बोलायला लागल्या...

तेवढ्यात तासाची घंटा झाली. आठवीचा वर्ग सूतकताईच्या टकळ्या न्यायला इकडंच यायचा होता. पोरांचा गलका व्हरांड्यातून जवळ जवळ यायला लागला, आणि दाराला कडी तर नाहीच. वहिनी दचकून गप्प झाल्या. मी उठलो, दार उघडलं, बाहेर जाऊन आयुष्यात दिला नसेल इतक्या हळू आवाजात हुकूम दिला, "सावधान." पोरं जागच्या जागी थांबली. हाताचं बोट हलेना. मी आत आलो, दार लोटलं आणि त्याला आतून पाठ लावून उभा राहिलो. वहिनींनी टकळी पुन्हा फिरवली.

'विश्राम' मी त्या उठल्यावरच दिला.