पेटीवाचून तबला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. माझ्यासारख्याने असं काही लिहावं की नाही, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण अंगणापलीकडच्या खिडकीत रोज संध्याकाळी दिसतं ते मनातून जात नाही.

तिथे माझे घरमालक मोघेकाका एकटेच तबला वाजवतात. पाणीपुरवठा कार्यालयात ते कंत्राटांचं काम पाहतात. शेजारी बंद पेटी असते. ती वाजवणारे त्यांचे मित्र वसंतराव पाइपांचे ठेकेदार. त्यांनी यंदा काकांच्याच कार्यालयात निविदा भरली, तेव्हा काकांनी घरात बजावलं, "निकाल लागेपर्यंत वसंताला पेटी वाजवायला बोलवायचं नाही, आणि त्याच्याकडचं काहीही माझ्या कानावर घालू नका."

"पेटीतून लाच देणार होते का ते?" काकू म्हणाल्या. काका हसले नाहीत.

प्रामाणिक माणूस मला पुस्तकात नेहमी ताठ मानेचा भेटला. इथे समेवर येताना काकांची मान सवयीने पेटीकडे वळते आणि मग खाली जाते. चांगलं वागणाऱ्याला इतकं एकटं वाटत असेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

काल निकाल लागला. काम दुसऱ्यालाच मिळालं. काकांनी पेटीवरची धूळ पुसली. "वसंताला बोलवा. म्हणावं, हव्या तेवढ्या शिव्या दे, पण ये."

काकू दारातच थांबल्या. "अहो, त्यांना अर्धांगवायूचा झटका आलाय. उजवा हात उचलत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हीच सांगू नका म्हणाला होतात."