पाणकावळ्याच्या पोटातला नर

आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कुल्फी कधी राह्यली नाई. तिथं पाणकावळा राह्यते, नाई तं बगळा. मेलेला, पिशवीत गुंडाळलेला. पिपरी मेघेच्या आमच्या घरी एखादा पाव्हणा बर्फ काढाले गेला की बोंबलतच बाहेर येते. मी म्हणतो, "बाप्पा, बायकोचा माल आहे तो, मलेही हात लावाची परवानगी नाई."

मी चंद्रभान. एसटी चालवू चालवू कंबर गेली, आता घरीच असतो. बायको रक्षा वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तासावर. केस पिकले, पण नोकरी काही पक्की झाली नाई. उन्हाळ्यात काम सुटते, पावसाळ्यात पुन्हा मुलाखत. अन् या बाईचा जीव अडकला कशात? तं पाणपाखरांच्या पोटातल्या जंतांत!

एकदा चिडून म्या विचारलं, "काऊन वं, दुनियेत दुसरं काही भेटलं नाई तुले?"

"तुम्ही नाई का नुसत्या आवाजावरून गाडीत काय बिघडलं ते सांगत? तसंच आहे हे," ती म्हणाली.

मग बसवलं मले अन् शिकवलं. जंत थंड औषधात टाकला तं आखडून गुंडाळी होते, म्हणून गरम स्पिरिट लागते. त्यात तो सरळ राह्यते. मग पाहाचं, तोंडाले ओठ किती, दोन ओठांच्या मधात बारके ओठ आहेत का, आतडीची पिशवी कोणीकडं गेली. त्यावरून कूळ समजते. पण शेवटचा निकाल नराच्या शेपटीवर. तिथं दोन काटे राह्यते अन् बारीक बारीक फोड. ते पाहिल्याशिवाय कोणी नाव देत नाई. माद्या पायलीभर जमवल्या तरी उपयोग शून्य.

अन् हिच्या नशिबी नुसत्या माद्याच. अल्लीपूरकडच्या तलावातल्या पाणकावळ्यांत तिले एक जंत सापडला, ओठाले वेगळीच खाच असलेला. कोण्या पुस्तकात नाई. जंतांच्या एका मोठ्या जाणकार सायबाले फोटो पाठवले तं उत्तर आलं, नर दाखवा, मग बोलू. पाखरू मारता येत नाई, कायदा आहे. जाळ्यात अडकून आपोआप मेलेलं, तेही वनखात्याच्या परवानगीनं उचलाचं. म्हणजे नुसती वाट पाहाची. तिची वाट पाहाणं पाहून मीच थकून गेलो.

यंदा कॉलेजनं विभागच बंद कराचं ठरवलं. मार्च सरला की सूक्ष्मदर्शक गेला, परवानगी गेली. तिले त्या जंताले आपल्या मायचं नाव द्याचं होतं. म्या हासलो होतो, "मायचं नाव जंताले देतं का कोणी?" तं ती म्हणाली, "दुसऱ्याच्या वावरात निंदण करू करू मेली माय. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाई. एका ठिकाणी तं राहू द्या." मग म्या पुन्हा कधी हासलो नाई.

फेब्रुवारीत बायजाचा फोन आला. बायजा म्हणजे तलावावर मासे धरणाऱ्या बापूराव ढिवराची घरवाली. "बाई, जाळ्यात पाणकावळा मेला. लवकर येजो." रक्षानं थर्मासमंदी गरम स्पिरिट भरलं अन् आम्ही निघालो. रस्ताभर ती थर्मास मांडीवर धरून होती.

आजपावेतो पाखरू बापूरावच द्याचा, जसंच्या तसं, पोत्यात बांधून. यावेळी तो लेकीकडं तळेगावले गेलता. बायजानं हासत हासत ताट पुढं केलं. पाणकावळा सोललेला, पोट साफ, धुतलेला, हळद-मीठ लावलेला.

"बाई पहिल्यांदा माह्या हातून नेऊन राह्यली. ढिवराच्या घरचं पाव्हण्याले साफ केल्याशिवाय देत नाई आम्ही. पोटात किडे होते, माय वं! सारे फेकले म्या कोंबड्यायले."

माझं टाळकंच सरकलं. "अवं बायजे, काय केलं हे..." म्हणेपर्यंत रक्षानं माझा हात दाबला.

"लई कष्ट घेतले तुम्ही," ती बायजाले म्हणाली. मग पाखरू जिथं साफ केलं होतं त्या धुण्याच्या गोट्यापाशी जाऊन गुडघे टेकून बसली. कोंबड्या टोचून राह्यल्या होत्या. तीस वर्षं एसटी चालवलेला ड्रायव्हर मी, कोंबड्या हाकलत जंत शोधत होतो अन् मनात म्हणत होतो, एक तरी भेटू दे, नर भेटू दे. इळीच्या पात्याले एक चिकटलेला होता. बारीक, अजून ओला. रक्षानं तो ब्रशनं उचलला अन् स्पिरिटात सोडला.

बायजानं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाई. रक्षा जेवली. दोनदा भाकर मागून घेतली तिनं.

दुसऱ्या दिवशी तिनं मले कॉलेजात बोलावलं. प्रयोगशाळेतली अर्धी कपाटं खाली झाली होती. ती म्हणाली, "पाहा." म्या डोळा लावला. काचेखाली पांढरा धागा, तोंडाशी तीन ओठ, अन् ओठाले तीच खाच.

"पोटात अंडी दिसतात का?"

"नाई."

"मादी असती तं भरलेली असती. हा नर आहे."

"अवं मग जमलं नं! काटे कुठं आहेत?"

तिनं काच सरकवली. धागा मधातच तुटलेला होता. शेपूट इळीनं कापली गेलती.

तेवढ्यात बायजाचा फोन. आवाज मलेही आयकू येत होता. "बाई, कामाचं निघालं का काही? हे घरी आले, लई रागावले मले."

"निघालं, माय. त्यायले सांगजो, रागवू नका म्हणाव. नर भेटला," रक्षा म्हणाली, अन् फोन ठेवला.

मग तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"आहे तो," ती मले म्हणाली. "आता मले मालूम आहे. फक्त कोणाले सांगता येत नाई."