चेंडू उजवीकडं जातो तेव्हा

पहिला चेंडू फ्लेक्सला लागला. फ्लेक्सवर माझाच फोटो होता.

आमच्या मालकांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, तो रेंजच्या, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानाच्या, उजव्या जाळीवर बांधून घेतला होता. 'गोल्फ प्रो महेश सर यांचे भव्य प्रात्यक्षिक.' मी अजून प्रो झालेलो नव्हतो. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "फ्लेक्सवर सगळेच जरा मोठे असत्यात ओ."

दोरीमागं खुर्च्या भरल्या होत्या. कराडचे डॉक्टर, कारखान्याचे साहेब लोक, उंब्रजचे व्यापारी, बायका, मुलं. शेवटच्या रांगेत माझे वडील, आबा. ते सकाळीच वडूजहून एसटीनं आले होते. मला गोल्फ खेळताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मी दुसरा चेंडू ठेवला. हातात तोच क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, सात नंबरचा आयर्न. हा क्लब मी झोपेतही मारतो असं शिकाऊ लोकांना सांगत असे. चेंडू पुन्हा उजवीकडं सुटला आणि चहाच्या स्टीलच्या पिंपावर ठण्णकन आदळला. चहा देणारा वेटर खाली बसला. दोनचार लोक उभे राहिले. एका बाईनं मुलाला ओढून जवळ घेतलं.

गोल्फचा चेंडू दिसतो लहान, पण लागला तर दगडासारखा लागतो.

तेवढ्यात बापूसाहेबांनी माईक घेतला. "मंडळी, घाबरू नका! चुकीचा शॉट कसा जातो, ते सर आधी दाखवतायत. आता बघा, बरोबर कसा जातो!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. मी आयर्न खाली ठेवला आणि ड्रायव्हर घेतला. ड्रायव्हर म्हणजे मोठ्या डोक्याचा क्लब, लांब मारायचा. त्यानं माझा शॉट बिघडत नव्हता. चेंडू सरळ वर चढला आणि पार माळाच्या टोकाला जाऊन पडला. आता टाळ्या थांबेनात. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी कमरेत वाकून नमस्कार केला.

कार्यक्रमानंतर आबा आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुद्दाम वाकडं मारायचं म्हंजी लय अवघड असंल, न्हवं?"

"अवघड असतं," मी म्हणालो.

एवढं बोलून मी चेंडू गोळा करायच्या निमित्तानं तिथून निघालो. त्यांच्याकडं बघवेना.

तो शॉट काय होता, ते सांगायला हवं. आयर्न क्लबला पुढं सपाट पातं असतं आणि मागं लांब दांडा. पातं आणि दांडा जिथं जोडलेले असतात, तिथं एक गोल नळी असते. तिला होझल म्हणतात. चेंडू पात्यावर बसला तर सरळ जातो. होझलवर बसला तर उजवीकडं पळतो. याला शँक म्हणतात. बरेच गोल्फर हा शब्द तोंडानं उच्चारत नाहीत, कारण शँक एकदा आला की जात नाही असा समज आहे. समज अगदीच खोटा नाही. एक शँक बसला की भीती बसते, आणि भीतीनं पुढचा बसतो.

माझ्याकडं तो साधारण महिन्याभरापूर्वी आला होता. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चुलते लष्करात होते, त्यांच्याकडं छावणीत शाळेला राहिलो आणि तिथल्या गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकलो. पुढं शिकवायला लागलो. बापूसाहेबांनी हायवेलगतच्या हॉटेलमागं माळ सपाट करून रेंज काढली, तेव्हापासून मी उंब्रजला आहे. पण मला नुसतं शिकवायचं नव्हतं. प्रो व्हायचं होतं. त्याची टेस्ट असते. पेपर नसतो, दोन दिवस खेळायचं. दोन्ही दिवसांचे मिळून फटके ठरलेल्या आकड्याच्या आत बसले तर पास, आणि मग व्यावसायिक खेळाडूचं कार्ड. मी दोनदा नापास झालो होतो. तिसरी टेस्ट तोंडावर आली होती आणि माझा सात नंबर उजवीकडं जात होता.

मी काय केलं? लोक यायच्या आधी उजाडता उजाडता एकटाच चेंडूंच्या बादल्याच्या बादल्या मारायला लागलो. मोबाईलवर परदेशी मास्तरांचे व्हिडिओ बघितले. एक म्हणे मनगट वळवा, दुसरा म्हणे वळवू नका. मी दोन्ही केलं. शँक वाढले. होझल चेंडूला लागतोय तर चेंडूपासून लांब उभं राहू, असं ठरवून रोज थोडा थोडा मागं सरकत गेलो. तरी वाढले. दिवसा शिकवताना मी हातात क्लब घेईनासा झालो. कुणी म्हटलं, "सर, एकदा मारून दाखवा," तर सांगायचो, "तुमचा स्विंग बघायचाय, माझा नव्हे." स्विंग म्हणजे क्लब फिरवायची पद्धत. लोकांना ते फार खोल वाटायचं.

एका माणसाला नाही वाटलं. इस्माईलभाई मुलाणी. उंब्रजात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, नुसतं चालायचा कंटाळा येतो म्हणून ते गोल्फला आले. प्रात्यक्षिकानंतरच्या सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. मी आयर्न मारत होतो. त्यांच्यासमोर दोन शँक गेले.

ते बाकावर बसून राहिले. मी क्लब बॅगेत घातला तेव्हा म्हणाले, "सर, परवाचं मुद्दाम नव्हतं न्हवं?"

मी जाळीकडं बघत उभा राहिलो.

"आवं, मी कुणाला बोलनार न्हाई. पन एक इचारू? तुमी आमाला सांगता, आपला स्विंग आपल्याला दिसत न्हाई, मास्तर पायजे. मग तुमचा मास्तर कोन हाय?"

"माझे मास्तर वारले, भाई."

"मग दुसरा बघा की. सांगलीची तेजश्री म्याडम हाय. तुमीच तिचं लय नाव काढता."

नाव काढत होतो, हे खरं. तेजश्री फलटणची. तिचे वडील तिकडच्या कारखान्यात केमिस्ट. शाळेत असल्यापासून दर रविवारी वडिलांबरोबर उंब्रजला यायची. तिला क्लब धरायला मी शिकवलं. ती टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाली. लग्न करून सांगलीला गेली आणि आता मिरज रोडच्या बाजूला एका रेंजवर शिकवत होती. नवीन माणूस आला की मी तिचा भिंतीवरचा फोटो दाखवायचो. 'ही माझी विद्यार्थिनी.'

तिच्याकडं जायचं म्हणजे मरणच वाटलं. आठवडा तसाच घालवला. शेवटी एका सकाळी दहातले सहा चेंडू उजवीकडं गेले, तेव्हा फोन केला.

"तेजश्री, जरा येऊन जाईन म्हणतो. असंच."

"या ना, सर. असंच की क्लब घेऊन?"

"क्लब घेऊन," मी म्हणालो.

सांगलीला पोचलो तेव्हा तिचा क्लास चालू होता. शाळेतली मुलं, एक निवृत्त प्राध्यापक, दोन गृहिणी. तिनं मला बाजूला घेतलं. "सगळ्यांना ओळख करून देऊ?"

"नको."

तिनं मान हलवली आणि मला रांगेतल्या शेवटच्या मॅटवर उभं केलं. शेजारच्या प्राध्यापकांनी विचारलं, "नवीन का?"

"हो," मी म्हणालो.

ते म्हणाले, "घाबरू नका. सुरुवातीला सगळ्यांचंच वाकडं जातं."

माझं वाकडंच गेलं. पहिला शँक त्यांच्या मॅटपुढून सणसणत गेला. ते दचकून मागं झाले आणि मग मुकाट्यानं आपली बादली घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. तेजश्री लांबूनच म्हणाली, "अजून मारा." मी अजून मारले. ती माझ्या मागं आली, मग समोर आली, मग खाली बसून नुसते माझे पाय बघत राहिली.

"सर, तुम्ही चेंडूपासून एवढे लांब कधीपासून उभे राहता?"

"शँक यायला लागले तेव्हापासून. होझल लांब राहावा म्हणून."

"लांब उभे राहिलात म्हणून वाकावं लागतंय. वाकल्यावर वजन चवड्यांवर येतंय. मारताना तुमचा तोल पुढं जातो आणि होझल चेंडूवर येतो." ती उठून उभी राहिली. "हे तुम्हीच मला शिकवलंय."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग आता?"

"जवळ या. टाचांवर वजन द्या. आणि फुल स्विंग बंद."

"किती दिवस? टेस्ट आहे माझी."

"मी सांगेपर्यंत," ती म्हणाली. मग जरा ओशाळून, "म्हणजे, सर, तुम्हाला चालत असेल तर."

"चालेल."

तिनं पाण्याची एक रिकामी बाटली आणली आणि चेंडूच्या पलीकडं, अगदी बोटभर अंतरावर उभी केली. क्लब बाहेर गेला तर आधी बाटली उडणार. अर्धा स्विंग घ्यायचा, बाटली न पाडता चेंडू मारायचा. मी मारला. बाटली उडाली. मुलं खदखदून हसली. एक मुलगा धावत जाऊन ती घेऊन आला आणि पुन्हा नीट उभी करून दिली. पुन्हा उडाली. दुपारपर्यंत ती बाटली पार चेपून गेली.

परत येताना इस्लामपूरपाशी गाडी थांबवून आबांना फोन केला. का केला, मलाही नीट माहीत नाही.

"आबा, त्या दिवशी मी मुद्दाम वाकडं मारलं नव्हतं. मारता येत नव्हतं."

आबा म्हणाले, "आन् मी सगळ्या भावकीत सांगत सुटलोय."

"हो."

"मग आता काय करतूस?"

"शिकायला जातोय. माझ्याच विद्यार्थिनीकडं."

"लाज वाटती व्हय?"

"वाटती."

"वाटू दे की गड्या. जात ऱ्हा." आणि फोन ठेवला. ते रागावले होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी गावच्या यात्रेला मी गेलो नाही.

टेस्टपर्यंत मी दर आठवड्याला सांगलीला गेलो. प्राध्यापक हळूहळू पुन्हा शेजारच्या मॅटवर यायला लागले. बाटली कमी वेळा पडू लागली. अर्ध्या स्विंगचा पाऊण झाला, टेस्टच्या आधी तिनं पूर्ण स्विंगही मारू दिला.

टेस्टचा पहिला दिवस चांगला गेला. माझ्या आयुष्यात इतका सरळ मी कधी खेळलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी एका छोट्या होलवर, मध्ये तळं, हातात सात नंबर, आणि मला फ्लेक्स आठवला. चेंडू उजवीकडं सुटला आणि हद्दीबाहेर झाडीत गेला. माझ्याबरोबर दोन तरुण खेळाडू होते. दोघांनी एकदम आपापल्या बुटांकडं पाहिलं. या खेळात ही सभ्यता पाळतात, आणि ती फार लागते.

मी दुसरा चेंडू ठेवला. टाचांवर वजन दिलं. मारला. तो तळ्यापलीकडं गेला. पुढचे सगळे होल खेळलो. बेरीज झाली तेव्हा दोन फटके जास्त होते. नापास.

तेजश्रीला फोन केला. "पडलो."

"शँक किती?"

"एक."

"एकच? मग रविवारी या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी येत नाही. तू उंब्रजला ये. माझ्या लोकांनाही शिकव, आणि मलाही."

बापूसाहेबांना हे पटेना. "सर, लोक काय म्हंतील? मास्तरच शिकवणी लावतोय? माझ्या रेंजचं नाव जाईल की."

"तुमच्या चहाच्या पिंपाला पडलेला पोचा सगळ्यांनी बघितलाय, बापूसाहेब. नाव काय जायचं राहिलंय?"

ते हसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स मात्र उतरवून ठेवला होता.

ती आली त्या रविवारी माझे सगळे नेहमीचे लोक हजर होते. मी रांगेत मधल्या मॅटवर उभा राहिलो, एका बाजूला इस्माईलभाई, दुसऱ्या बाजूला कराडच्या डॉक्टरीणबाई. तेजश्रीनं सगळ्यांना सांगितलं, की सरांना शँकचा त्रास आहे आणि आपण तो आज समजून घेऊ. मग मला मारायला सांगितलं. सगळे माझ्याकडं वळले. पहिला चेंडू बरा गेला, तिसरा उजवीकडं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, माझंही असंच होतं. मला वाटायचं, मीच एकटी ढ आहे. हे होतं कशामुळं?"

मी त्यांना पात्यापासून सुरुवात करून सगळं समजावून सांगितलं. तेजश्रीनं मध्येच एक चूक दुरुस्त केली. मी ती मान्य केली.

आता ती महिन्यातून एकदा येते. प्रोचं कार्ड मला अजून मिळालेलं नाही. लाजही अजून वाटते, सात नंबर हातात घेतला की विशेष. त्याबद्दल काही करता येतं असं मला वाटत नाही. एवढंच कळलं, की लाज वाटली की माणूस एकटा सराव करायला लागतो, आणि एकटा सराव केला की चूक पक्की होते.