मॅडमचं ‘मेले’

बालाघाटच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेची भांडी धुते. तिथल्या मॅडम जंतूंवर काम करतात. दवाखान्यातल्या जखमेतून आणलेले ते जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. मॅडम त्यांना काचेच्या बशीत वाढवतात आणि मधे औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात. सकाळी आल्या की पर्स खांद्यावर तशीच ठेवून बशी उजेडात धरतात आणि म्हणतात, “मेले!”

पहिल्यांदा मला वाटलं, जंतू मेले. मी आनंदाने हसले.

“हासून काहून राह्यली, बाई? मी शिव्या देऊन राह्यली त्याइले. मरतच नाहीत मेले!”

परवाही त्या “मेले!” म्हणाल्या. मी मान खाली घालून घासत राहिले. त्यांनी माझा साबणाचा हातच ओढला. या वेळी झाडाच्या सालीच्या अर्काची टिकली होती, तिच्याभोवती जंतू नसलेली गोल, स्वच्छ जागा झाली होती.

“अवं, पाह्य तं! खरंच मेले!”

कधी नव्हे ते मी मोठ्याने बोलले, “मंग आता लोकाइले द्यायचं का हे औषध?”

“रुक जा, बाई. यानं माणसाच्या पेशीतली जनुकंच बिघडली, तं उद्या कॅन्सर व्हायचा. आधी ते पाहू.”

एवढं भीतीचं बोलणं त्यांनी हसत सांगितलं, आणि आम्ही दोघी नव्या बशा काढायला धावलो.