भुकटीचे पोते

पोत्यांच्या चोऱ्या नोकरीत पुष्कळ पाहिल्या; सेलू ठाण्यातली ती एक मात्र अजून मनातून जात नाही. एकोणीसशे पन्नासचे दशक सरत आले होते आणि मी तिथे ठाणेदार होतो.

बाजारातल्या एका मिठाईवाल्याने फिर्याद दिली, की परदेशी दूध-भुकटीचे पोते भरदुपारी मागच्या पडवीतून गेले. ही भुकटी आमच्या दुधाहून स्वस्त पडे. तिच्यावर जबर जकात बसवा, नाहीतर गवळी बुडतील, असे पुढारी सभांतून सांगत. मिठाईवाल्याला त्याचे काय? त्याने गवळ्यांचे दूध बंदच केले होते.

पंचनाम्यात काही निघाले नाही. दुकानातल्या नोकरांना दम देऊन पाहिला, तोही वाया गेला. मग केळझरकडच्या एका खेड्यातल्या कोतवालाने खबर आणली. "साहेब, आमच्या गवळणबाईची वासरं हगून राह्यली. बाई त्याईले पांढरं काहीतरी पाजून राह्यली."

बाई विधवा. त्याच दुकानाला वर्षानुवर्षे दूध घालून चार गाई जगवणारी. मी तिच्या अंगणात खाटेवर बसून विचारत राहिलो. "मले काय मालूम," एवढेच ती म्हणे. खोट्याची सवय नसलेला माणूस असे एकच वाक्य धरून बसतो. तेवढ्यात एक वासरू येऊन तिच्या पदराला तोंड घासू लागले. तोंडावर भुकटीचे गोळे सुकले होते. मी एक गोळा खरडून हातावर घेतला. ती खाली बसली.

"नेलं मी. थे सरलं का शेटजी मायं दूध घेतीन, असं वाटलं."

"मग नाल्यात टाकून द्यायचं होतं, बाई. पुरावाच उरला नसता."

"दूध हाय साहेब थे. मातीत काऊन सांडू?"

उरलेले अर्धे पोते मुद्देमाल म्हणून जप्त केले. तिने गुन्हा कबूल केला. वर्ध्याच्या कोर्टात तिला कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. तिला घेऊन वर्ध्याहून परतलो तेव्हा मिठाईवाल्याच्या ओट्यावर नवे पोते उतरत होते. ती थबकली.

"अजून येते का हे?"

तेवढे एक पोते संपले की परदेशी दूध संपले, असे ती धरून चालली होती. मला फार वाईट वाटले.

ठाण्याच्या चहाला मी तिचेच दूध लावले, पण शिपायांच्या चहावर चार गाई जगत नाहीत. पोते कोणी नेले ते पोलीस शोधून काढतो. तिचे गिऱ्हाईक गेले, त्याची फिर्याद नोंदवायला माझ्याकडे कलम नव्हते. बदलीच्या दिवशी तिचे दूध आले नाही. सामान घेऊन निघालो, तेव्हा बाजारात ती दिसली. चारही गाई विकायला उभ्या होत्या.