शून्य ताऱ्यांची गाडी आणि कडब्याची गंज

आमच्या गाडीची धडक-चाचणी दोनदा झाली. पहिली परदेशात तज्ज्ञांनी केली. दुसरी आमच्या अंगणात मी केली.

गाडी लहान हॅचबॅक, जुनी. एअरबॅग नाहीत. बारामती-इंदापूर रस्त्यालगत आमची वस्ती आहे, आणि तिथून मी रोज बारामतीला वर्तमानपत्राच्या कचेरीत याच गाडीने जात असे. तक्रार नव्हती. मग पत्नी वैशालीला भिगवणच्या एका शाळेत नोकरी लागली. दसऱ्यानंतर हजर व्हायचे होते. एसटीची वेळ जुळत नव्हती, लायसन्स तिच्याकडे होते, आणि मला सकाळी सोडणारा शेजारी मिळाला होता. म्हणजे गाडी तिला देणे सरळ होते.

नेमक्या त्याच आठवड्यात मी आमच्या मॉडेलच्या चाचणीचा निकाल वाचला.

"शून्य तारे," मी ओट्यावर जाहीर केले.

"कुणाला?" वडिलांनी, म्हणजे आबांनी, बशीतला चहा फुंकत विचारले.

"गाडीला. धडकेच्या चाचणीत."

"आपली गाडी कवा धडकली?"

"आपली नाही, तसलीच दुसरी. मुद्दाम नेऊन आपटली."

"मुद्दाम? मग गाडीला कशापायी शून्य? चालवणाऱ्याला द्या की!"

"चालवणारा नव्हता, आबा. आत बाहुला होता."

"मग तर मिटलंच," आबा म्हणाले आणि चहा प्यायले.

वैशाली दारात उभी होती. "तुम्ही रोज जाता तेव्हा तारे कुठे असतात?"

"मला अनुभव आहे," मी म्हणालो. "दिवाळीनंतर त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मी गाडी तपासून निर्णय देईन."

"कधी?"

"खंडेनवमीला. पूजेसाठी ती धुवायचीच आहे."

खंडेनवमीच्या सकाळी मी तपासणी सुरू केली आणि मागच्या सीटला पट्टेच नसल्याचे उघड केले. वैशालीने सीटचे कव्हर उचकटले. खाली पट्टे होते, कोरे करकरीत!

"हे कव्हर कुणी बसवलं होतं?" तिने विचारले.

(बातमीत नाव टाळू नये, असे आम्हाला शिकवले आहे. मीच.)

मग पूजा झाली. बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, बंपरला लिंबू-मिरची, पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू. आईने एक नारळ डॅशबोर्डवर ठेवला; तो संध्याकाळी देवळात न्यायचा होता. मी चालकाच्या जागेवर बसलो आणि तो नारळ पाहून मला राहवले नाही.

"धडक बसली की सुटी वस्तू गोळीसारखी येते," मी खिडकीतून सर्वांना समजावले आणि नारळ माझ्या सीटखाली सरकवला.

"देवाचा नारळ हाय त्यो. पायाखाली कशाला?" आई म्हणाली.

"सुरक्षिततेसाठी," मी म्हणालो. स्वतः पट्टा लावला नाही. अंगणातल्या अंगणात कोण लावतो!

लिंबे चिरडून गाडी पुढे आली. "ब्रेक असा ठाम दाबायचा," असे सांगत मी तो ठाम दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. सीटखालचा नारळ मात्र थांबला नाही, हे मला नंतर कळले.

"आता जरा फुडं घे, सावलीला," आबा म्हणाले.

मी घेतली. सावली आली, मी ब्रेक दाबला. ब्रेक खाली जाईना. पुन्हा दाबला. ब्रेक जणू दगडावर टेकला होता. समोर गेल्या हंगामातल्या कडब्याची गंज होती. वेग असा, की कोंबड्या पळाल्या नाहीत. चालतच बाजूला झाल्या.

वैशाली खिडकीशेजारून चालत होती. "अहो, हँडब्रेक ओढा!"

"मध्ये बोलू नकोस. मला गाडी सांभाळू दे!"

"आरं, गंज हाय म्होरं!" आबा ओरडले.

ते मला दिसतच होते. म्हणून मी हॉर्न वाजवला. गंज हलली नाही.

धडक झाली. माझे नाक स्टिअरिंगवर आपटले, वरून पेंढ्या कोसळल्या आणि अंधार झाला. काही क्षणांनी समोरच्या काचेवर थोडा उजेड आला. तिथला कडबा आमची म्हैस खात होती.

आबांनी पेंढ्या बाजूला करून आधी बंपर पाहिला. नंतर मला.

"गाडीला चरा बी न्हाय पडला," ते म्हणाले. "तुजं नाक फुटलंय."

वैशालीने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले, ब्रेकखाली हात घालून नारळ काढला आणि आईच्या हातात दिला. मला मागे बसवले. स्वतः पट्टा लावला, माझा लावला, आबांना लावायला सांगितला. मग एका दमात गाडी मागे घेऊन वळवली आणि आम्हाला इंदापूरला डॉक्टरांकडे नेले.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारले.

"गंजीला धडकला," आबा म्हणाले.

"गंज रस्त्यात आली होती?"

"न्हाय. ती आपल्या जागंवरच हुती."

त्या बाहुल्याने, मी नंतर पुन्हा वाचले, पट्टा लावलेला होता.

गाडी आजही शून्य ताऱ्यांचीच आहे, आणि हे माझे म्हणणे घरात कुणी खोडलेले नाही. वैशाली ती रोज भिगवणला नेते. उसाच्या ट्रॉलीमागे अंतर ठेवते, आणि मागे बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. किल्ली तिच्याकडे असते.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्याशेजारी बसतो. पूर्वी लिंबू-मिरची बाहेर बंपरला असायची. आता आबा दर शनिवारी नवी आणून आत बांधतात, डावीकडे, बरोबर माझ्या तोंडासमोर.

"हितंच लागती ती," ते म्हणतात.