सांभाळणाऱ्याचं नाव

चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याने कॉम्प्युटरपुढे बसू नये. मी बसलो, कारण इलाज नव्हता.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं एक वाळूक होतं, काकडीच्याच कुळातलं, वीतभर लांब, पट्ट्यापट्ट्यांचं, कधी कडू निघालं नाही. दर साली बी राखेत घोळून डब्यात ठेवायची. तो डबा आता माझ्या गळ्यात पडला. माझी साळी, म्हणजे बायकोची बहीण, मेडशीला राहते, अंगणवाडीतून रिटायर झालेली. ती बायकांचा बियाण्यांचा गट चालवते. तिने फोनवर सांगितलं, यादी आज चार वाजता छापते. ज्याची नोंद पुरी असेल त्याचंच बी वेगळं ठेवते, बाकीचं एका जागी मिसळते. मिसळलं की बायकोचं वाळूक संपलं. मी डबा पिशवीत टाकला आणि एसटी धरली.

साळीने मला खुर्चीत बसवलं. "मले सतरा कामं हायेत, भाऊजी. तुमचं तुमी भरा."

पडद्यावर वहीसारखे खाने होते. पण वहीत पाहिजे ते लिहिता येतं, इथं प्रत्येक खान्याची वेगळीच तऱ्हा. वाणाच्या खान्यात लिहूच देईना. बाणावर दाबलं की खाली यादी लोंबायची, त्यातलंच एक उचलायचं. यादीत काकडी होती, वाळूक नव्हतं.

"काकडी करा," साळी म्हणाली.

"तुया बहिनीनं जन्मात काकडी लावली नाई."

तिने कपाळाला हात लावला, पण कुठेतरी आत शिरून यादीत वाळूक घातलं.

पुढे पेरणीची तारीख. 'मिरगानंतर भुई थंडावली की' असं मी एका बोटाने लिहिलं. पुढच्या खान्यात गेलो तर सगळं गायब, आणि खाली कॅलेंडर उघडलेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब.

"कोनतीबी तारीख टाका ना. लगन जुळवून राह्यले काय?"

"खोटी कायले टाकू?"

"मंग मोकळं सोडा, बाप्पा. तारखेबिगर चालते."

सोडलं. मग टिपणाचा खाना. बायको बी कसं धरायची ते मी चार ओळींत लिहिलं: वेलावर पिकू द्यावं, देठाकडून चाखावं, कडू लागलं तर बी फेकावं, गोड लागलं तरच ठेवावं. ओळ संपली की एंटर दाबायचं, एवढं मला नातवाच्या मोबाईलवरून माहीत होतं. दाबलं. तासभर लागला, पण लिहिलं एकदाचं.

साळीने येऊन पाहिलं आणि ओरडलीच. "भाऊजी! या बाईच्या तुरीले देठाकून चाखा मनून लिवलं तुमी!"

एंटर दाबलं की ओळ बदलत नाही, माणूस खालच्या खान्यात पडतो. आणि तिथं पहिलं अक्षर टाकताच आधीचं सगळं पुसलं जातं. माझ्या तीन ओळी तीन बायकांच्या टिपणांवर जाऊन बसल्या होत्या. मागे घ्यायचं बटण शेवटचा एकच खाना परत देत होतं. आग लागो असल्या अकलेला.

साळीने त्या बायकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या शोधून माझ्यापुढे आपटल्या. "ज्यानं मिटवलं त्यानं लिवावं."

लिहिलं. साडेतीन झाले. शेवटचा खाना राहिला होता: सांभाळणाऱ्याचं नाव. तिथं मी बायकोचं नाव लिहिलं, पूर्ण.

साळीने ते वाचलं आणि म्हणाली, "थे नाई चालत, भाऊजी. यंदा जो पेरीन त्याचं नाव पायजे."

"कॉम्प्युटर नाई म्हन्ते काय?"

"कॉम्प्युटर काई म्हनत नाई. मी म्हनते."

"मेली मनून पुसाचं काय तिले?"

"माही बहीन नोयती काय थे?" तिने पिशवीतला डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "बी पेरलं नाई त मरते, भाऊजी. चार-पाच सालात उगवाचं बंद होते. कोन पेरीन, सांगा."

मी पुन्हा पडद्याकडे वळलो. त्या खान्यावर नुसतं दाबून लिहिलं असतं तर सगळं एका झटक्यात गेलं असतं, एवढं मी आता शिकलो होतो. दोनदा दाबलं की आत शिरता येतं. शिरलो. माझं सगळं नवं लिहायची गरजच नव्हती. पहिला शब्द तिचा, पुढचे दोन माझे, माझं नाव आणि आडनाव, लग्नापासून तसंच लिहीत आलो. तिचा तेवढाच शब्द काढायचा होता. मी पुसायचं बटण एकेकदा दाबत गेलो. आधी काना गेला, मग अक्षर. मग पुन्हा काना, पुन्हा अक्षर.

यादी छापून आली. साळीने अर्धं बी गटासाठी काढून घेतलं, अर्धं माझ्या हातात ठेवलं.

"कुठं लावसान?"

"घरामांगं."

"पानी कोन देईन?"

"मीच देईन, आनखी कोन देते?" मी तिच्यावरच खेकसलो आणि पिशवी उचलून स्टँडकडे निघालो.